२०१९ ची माझी यादी: चकाला, मरोळ, आरे

डिसेंबर आला की फोनवर यादी येते. तुम्ही यंदा किती मिनिटं ऐकलंत, कोणाला सगळ्यात जास्त ऐकलंत, हे सगळं रंगीत चौकोनात घालून ॲप आपल्या हातात देतं आणि आपण ते लगेच स्टेटसला टाकतो. माझी तक्रार नाही, मीही टाकते. पण त्या यादीत एक गोष्ट कधीच नसते. ते गाणं कानात वाजत होतं तेव्हा खिडकीबाहेर काय चाललं होतं?

म्हणून या भागात मी एक जुनी यादी काढलीये. २०१९ ची. माझे त्या वर्षीचे आवडते अल्बम, आणि ते ऐकत असताना अंधेरी ते घाटकोपर या पट्ट्यात जे घडत होतं ते. इतिहासाच्या पॉडकास्टवर २०१९ म्हणजे काय, कालची गोष्ट, असं कोणी म्हणेल. पण कालची गोष्टच आधी विसरली जाते असा माझा अनुभव आहे. आणि आजच्या भागात आपण १९४४ पर्यंत मागे जाणार आहोत, तेव्हा धीर धरा.

आधी थोडं 'अल्बम' या शब्दाबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण थेट प्लेलिस्टवर वाढलेत. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं. मोठी रचना द्यायची तर चार-सहा तबकड्या लागायच्या, आणि त्या जाड पुठ्ठ्याच्या बाडात, फोटोंचा अल्बम असतो तशा, एकत्र बांधून विकायचे. म्हणून अल्बम. १९४८ मध्ये एलपी आली आणि ते सगळं बाड एका तबकडीवर मावायला लागलं, पण नाव तेच राहिलं. मग कॅसेट आली, ए बाजू आणि बी बाजू. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेटनेच गाणं खऱ्या अर्थाने चाळीत आणि झोपडपट्टीत पोचवलं. भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं, सगळं स्वस्तात. आणि त्या धंद्यात पैसा किती आला होता हे कळायला एकच तारीख पुरे: १२ ऑगस्ट १९९७. टी-सीरिजच्या गुलशन कुमार यांची भर दिवसा देवळाबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. कुठे? अंधेरी पश्चिमेला.

म्हणजे उपनगरं गाण्याच्या धंद्यात आधीपासून आहेतच. स्टुडिओ इथे, वादक इथे राहणार, कोरसमध्ये गाणारे इथून लोकल पकडणार. पण गाणं मात्र काश्मीरचं, स्वित्झर्लंडचं, फार तर मरीन ड्राइव्हचं. गाण्यात चकाला कधी नव्हतं. असल्फा कधी नव्हतं. २०१९ माझ्यासाठी वेगळं ठरलं ते याच कारणाने.

मी मुलुंडची. मुलुंड पूर्व. ऑफिस चकाल्याला. म्हणजे मुलुंड ते घाटकोपर सेंट्रल लाइन, आणि घाटकोपरला तो जिना चढून मेट्रो. ज्यांनी सकाळी नऊ वाजता घाटकोपरचा पूल पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ही मेट्रो-१, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. त्याआधी अंधेरी-कुर्ला रोडवर बसमध्ये माणसाचं अर्धं आयुष्य जायचं. त्या बारा स्टेशनांतल्या एकाच्या पाटीवर दोन नावं आहेत: चकाला आणि कंसात जे. बी. नगर. जे. बी. म्हणजे जमनालाल बजाज. गांधीजींच्या जवळच्या माणसाचं नाव लावलेली ही वस्ती, आणि इथूनच निघाला डिव्हाइन.

विवियन फर्नांडिस हे त्याचं खरं नाव, जन्म १९९० चा. २०१३ मध्ये त्याचं 'ये मेरा बॉम्बे' आलं. मग २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझीसोबत 'मेरे गली में'. नेझीने त्याच्या आदल्या वर्षी 'आफत' हे गाणं आयपॅडवर बनवलं होतं, गाणंही आणि व्हिडिओही. घरात स्टुडिओ नाही, तर हातात जे आहे त्यावर. ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. कॅसेटने गाणं ऐकणं स्वस्त केलं होतं, या पोरांनी गाणं करणं स्वस्त केलं.

आता यादी. पहिलं नाव तुम्ही ओळखलं असेलच.

'गली बॉय'. झोया अख्तरचा सिनेमा १४ फेब्रुवारी २०१९ ला लागला, गाणी जानेवारीपासूनच कानावर होती. १८ ट्रॅकचा अल्बम. एक संगीतकार, एक गीतकार हा हिंदी सिनेमाचा नेहमीचा प्रकारच नाही, म्युझिक सुपरवायझर म्हणून अंकुर तिवारी आणि त्याच्याखाली डझनावारी माणसं. रॅपर, बीट बनवणारे, बीटबॉक्सर. शिवाय जावेद अख्तरांची कविता. त्याच महिन्यात स्पॉटिफाय भारतात आलं, त्यामुळे तो अल्बम ऐकायला नवं ॲप डाउनलोड केलेले माझ्या ऑफिसात निदान पाच जण होते.

खरं सांगू का? अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे. अठरातली सात-आठ मी आजही पुढे ढकलते. आणि एक उपनगरी रुसवाही आहे. डिव्हाइन अंधेरीचा, नेझी कुर्ल्याचा, सिनेमातला मुराद मात्र धारावीचा. बाहेरच्यांना मुंबईची गरिबी म्हटलं की धारावीच दिसते, त्याला काय करणार! पण त्या अल्बममध्ये एक गाणं आहे, 'इंडिया ९१', ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं. विवेक राजगोपालनने मृदंगाच्या बोलांचा आणि तालाचा पाया दिला आणि त्यावर पोरं आपापल्या भाषेत सुटली. अमरावतीचा १०० आरबीएच मराठीत, एमसी तोडफोड गुजरातीत, नॉक्शियस डी पंजाबीत, धारावीचा एमसी अल्ताफ हिंदीत. घाटकोपर स्टेशनच्या बाहेर उभं राहिलं की जशा भाषा कानावर येतात, अगदी तसं. माझ्यासाठी तो अल्बम म्हणजे ते गाणं. 'अपना टाइम आएगा' रिक्षावाल्यापासून निवडणुकीच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांनी वापरून झिजवलं, पण 'इंडिया ९१' अजून तसंच करकरीत आहे. पुढच्या वर्षी फिल्मफेअरमध्ये या सिनेमाने १३ पुरस्कार घेऊन विक्रम केला, गीतलेखनाचा पुरस्कार डिव्हाइन आणि अंकुर तिवारीला मिळाला. जे. बी. नगरचा मुलगा, काळा चष्मा, हातात ती काळी बाहुली. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये आईने विचारलं, 'हा कोण?' मी म्हटलं, 'माझ्या ऑफिसच्या स्टेशनवरचा.'

दुसरं नाव ऐकून काही जण म्हणतील, हे कुठून आलं मध्येच. 'आनंदी गोपाळ'. समीर विद्वांसचा हा मराठी सिनेमा 'गली बॉय'च्या बरोबर दुसऱ्या दिवशी लागला, १५ फेब्रुवारीला. संगीत हृषिकेश-सौरभ-जसराज यांचं, शब्द वैभव जोशी यांचे. एकोणिसाव्या शतकातली गोष्ट म्हटल्यावर संवादिनी, टाळ आणि उदास सारंगी एवढ्यावर भागवता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. गाण्यांत एक चालण्याची लय आहे, पुढे जाणारी. आणि तीही आपल्याच लाइनची गोष्ट आहे, बरं का. गोपाळराव जोशी कल्याणला टपाल खात्यात नोकरीला होते. सेंट्रल लाइनवर कल्याणहून निघालेली मुलगी फिलाडेल्फियाला डॉक्टर होते, १८८६ मध्ये. त्याच आठवड्यात एकाच मल्टिप्लेक्सच्या दोन पडद्यांवर दोन माणसं होती, जागा नाकारलेली, आणि दोघांनाही शिकून-बोलून ती मिळवायची होती. मी दोन्ही एका शनिवार-रविवारात पाहिले. सोमवारी कानात कधी हे, कधी ते.

तिसरा अल्बम ऑक्टोबरमध्ये आला. त्या ऑक्टोबरवर थोडं थांबायला हवं.

आरे तुम्हाला माहीत आहे. गोरेगाव, अंधेरी, पवई यांच्या मधला तो हिरवा पट्टा. १९४९ मध्ये इथे सरकारी दुग्धवसाहत झाली, म्हणून 'आरे मिल्क कॉलनी'. पण गोठ्यांच्या आधीपासून इथे पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी. २७ पाडे. मुंबईच्या पोटात गावदेव, वाघदेव असलेली माणसं राहतात हे आपल्यातल्या कित्येकांना मेट्रोमुळे कळलं. कुलाबा ते सीप्झ या मेट्रो-३ ची कारशेड आरेमध्ये करायची ठरली होती. २९ ऑगस्ट २०१९ ला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं दुसरीकडे लावायला परवानगी दिली. दर रविवारी लोक आरेत जमायला लागले, हातात हात धरून साखळ्या करायला लागले. पावसात, छत्र्या घेऊन. प्रकरण हायकोर्टात होतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. हायकोर्टाने याचिका फेटाळल्या. त्याच रात्री यंत्रं लागली.

नवरात्र चालू होती. घाटकोपरला गरबा, बोरिवलीला फाल्गुनी पाठकचा गरबा, तिथे हजारो माणसं. माझ्या फोनवर एका ग्रुपमध्ये दांडियाचे व्हिडिओ येत होते आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये अंधारातले, हलणारे व्हिडिओ, ज्यांत चित्र काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज होता. करवतीचा. आणि मग झाड पडल्याचा. झाड पडताना आधी फांद्या मोडतात, तो कडकडाट लांबतो, आणि शेवटी एक जड 'धप्प'. मी संगीत ऐकणारी बाई आहे, मला आवाज लक्षात राहतात. त्या वर्षीच्या माझ्या कुठल्याही यादीत तो आवाज आहेच, कोणी लेबलने काढला नसला तरी.

जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. सोमवारी, ७ तारखेला, कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली. तोपर्यंत २,१४१ झाडं पडली होती. मंगळवारी दसरा. लोकांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली.

आणि याच महिन्यात डिव्हाइनचा पहिला अल्बम आला. 'कोहिनूर'. आठ गाणी, जाता-येता मेट्रोत आरामात ऐकून होतात. न्यूयॉर्कचा रॅपर नास ज्या 'मास अपील' लेबलशी जोडलेला आहे, त्याची भारतीय शाखा त्याच वर्षी निघाली होती, तिच्यामार्फत हा अल्बम आला. आवाज महागडा, बीट घट्ट. 'चल बॉम्बे'वर खुर्चीत बसून राहणं अवघड आहे. यशस्वी झालेला माणूस आपल्या गल्लीकडे वळून बघतोय असा तो अल्बम आहे, आणि मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. पैसा आला, तो आवडतो, आणि त्याची भीतीही वाटते, हे तो लपवत नाही. 'गली बॉय'पेक्षा मी 'कोहिनूर'ला वर ठेवते, कारण तो एका माणसाचा, एका दमात ऐकायचा अल्बम आहे. बाडात बांधलेला.

पण जे. बी. नगरपासून आरे किती लांब? मध्ये फार तर मरोळ. आणि त्या आठ दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळा जे ऐकलं ते 'कोहिनूर' नव्हतंच. तो अल्बमच नव्हता. एक सुटं गाणं होतं.

'स्वदेसी' हा मुंबईचा रॅप करणाऱ्या पोरांचा गट. एमसी मवाली मराठीत रॅप करतो, एमसी तोडफोड होता, म्हणजे 'इंडिया ९१' मधलाच तो, नायगावचा धर्मेश परमार. यांचं २०१९ मधलं गाणं 'द वारली रिव्होल्ट'. सोबत आवाज प्रकाश भोईर यांचा. भोईर आरेतल्या केलटीपाड्याचे, आदिवासींच्या हक्कांसाठी झगडणारे. बाकी गाण्यांत रॅपर स्वतःच्या वस्तीबद्दल बोलतो. इथे ज्याची जमीन आहे तोच माणूस माइकसमोर उभा आहे, आणि रॅपर त्याच्या बाजूला. हा फरक ऐकताक्षणी कळतो. जंगल हे ओसाड पडलेलं रिकामं आवार नाही, तिथे घरं आहेत, देव आहेत, एवढी साधी गोष्ट कोर्टाच्या कागदांतून जशी मला कळली नव्हती तशी या काही मिनिटांत कळली.

आणि नाव बघा. 'वारली रिव्होल्ट' म्हणजे आपल्या इतिहासातला वारल्यांचा उठाव. १९४५. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणू-उंबरगाव भागात, वेठबिगारी आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध वारली उभे राहिले, किसान सभेचा लाल बावटा घेऊन. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. हो, तोही ऑक्टोबरच. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक वाचलं नसेल तर वाचा, ग्रंथालयात मिळतं, आणि अवघड मुळीच नाही.

त्याच लाल बावट्याखाली मुंबईत गाणारी माणसंही होती. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे, झोपडीत. मेट्रो पकडायला मी रोज ज्या घाटकोपरला उतरते, तेच घाटकोपर. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या थाटामाटाची लावणी केली होती, अण्णाभाऊंनी दुसरी 'मुंबईची लावणी' लिहिली, ज्यात मलबार हिलसमोर उपाशी माणसांची वस्ती उभी आहे. तीच मुंबई, पण खालून पाहिलेली. आता 'ये मेरा बॉम्बे' आठवा. डिव्हाइनने अण्णाभाऊ ऐकले असतील असं मी म्हणत नाहीये. पण एकाच शहराने साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने दोघांकडून तेच काम करून घेतलं: इथे आम्हीही राहतो, हे तालात सांगायचं.

अण्णाभाऊ गेले १८ जुलै १९६९ ला, गोरेगावात. म्हणजे २०१९ मध्ये त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली, आणि १ ऑगस्टला त्यांची जन्मशताब्दी सुरू झाली. बॅनर लागले, हार घातले गेले. त्याच्या महिन्याभरात आरेच्या झाडांची परवानगी निघाली. आमच्या मुलुंडच्या चौकातला शताब्दीचा बॅनर ऑक्टोबरपर्यंत होता, पावसाने अर्धा फाटलेला.

तर यादीचं काय? 'द वारली रिव्होल्ट'ला त्यात जागा द्यायची की नाही? यादी अल्बमची, हे गाणं सुटं. माझा मित्र, जो या पॉडकास्टचं एडिटिंग करतो, तो म्हणाला, 'नियम म्हणजे नियम, वेगळी यादी कर.' मी म्हटलं, अल्बम म्हणजे जे एका तबकडीवर मावत नाही ते एकत्र बांधणं, बरोबर? मग १९४५ चा तलवाडा, चिरागनगर, केलटीपाडा आणि नायगावचा एक गुजराती मुलगा, एवढं सगळं या एका गाण्यात बांधलेलं आहे. तो अजूनही ऐकत नाहीये. एडिटिंग त्याच्या हातात असल्यामुळे हा वाद त्याने ऑडिओतून कापला होता, म्हणून इथे लेखी ठेवते.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने आरेतल्या कारशेडला स्थगिती दिली, २०२० मध्ये ती कांजुरमार्गला न्यायची ठरली, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. मार्च २०२२ मध्ये एमसी तोडफोड गेला, २४ वर्षांचा होता. 'इंडिया ९१' मधला त्याचा गुजराती भाग आता ऐकताना मी पुढे ढकलत नाही, कितीही घाई असली तरी.

मेट्रो-३ चा आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाला. उद्घाटनाची तारीख ५ ऑक्टोबर २०२४, प्रवाशांसाठी खुला ७ ऑक्टोबरला. झाडं पडत होती ती पाच तारीख आणि तोड थांबली ती सात तारीख, बरोबर पाच वर्षांनी. कोणी मुद्दाम जुळवलं असेल असं नाही, पण कॅलेंडर बघताना माझं बोट तिथे अडखळलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती लाइन पार कफ परेडपर्यंत गेली.

आणि ती लाइन चांगली आहे हो. थंडगार, वेळेवर. मरोळ नाक्याला मेट्रो-१ सोडून खाली उतरायचं आणि बीकेसीला मीटिंगला अर्ध्या वेळात पोचायचं. मी वापरते. ज्या मुंबईत लोकलच्या दारातून माणसं पडतात तिथे मेट्रो नको असं मी कधीच म्हणणार नाही, आणि मुलुंडहून कामाला जाणारी कोणी बाई म्हणेल असं मला वाटत नाही. रात्री शेवटच्या फेरीनंतर त्या गाड्या आरेतच मुक्कामाला जातात. उलट्या दिशेच्या फलाटावर पाटी लागते, 'आरे जेव्हीएलआर'. ती दिसली की कानात जे काही चालू असेल ते थांबवून मी प्रकाश भोईरांचा आवाज लावते. गाणं संपायच्या आत बीकेसी येतं की नाही, ते गाडी मरोळला किती थांबली यावर असतं.

तुमची २०१९ ची यादी कमेंटमध्ये टाका. सुटी गाणी चालतील. एडिटरला मी बघून घेते.